फिरत्या त्रिकोणाचे देणे-घेणे

माझदा आरएक्स-7 या जपानी स्पोर्ट्‌स कारमध्ये एक बझर असायचा. इंजिनाचे फेरे लाल पट्ट्याजवळ पोहोचले की तो वाजायचा. ज्या गाडीत काटा दाखवणारे मोठे मीटर डोळ्यांसमोर आहे, तिला अशा बझरची गरज का पडावी? नेहमीच्या पिस्टन इंजिनाला फार पळवले की ते स्वतःच तक्रार करू लागते. आवाज चिरका होतो, थरथर स्टिअरिंगपर्यंत येते आणि ड्रायव्हरचा पाय आपोआप सैल पडतो. आरएक्स-7चे इंजिन असे काही कळूच देत नसे. फेरे वाढतील तसे ते उलट अधिक मोकळे होत जाई आणि ड्रायव्हर नकळत मर्यादेपलीकडे जाई. म्हणून हा बझर.

हे इंजिन होते वांकेल पद्धतीचे, म्हणजे रोटरी. त्याचे गुण आणि दोष यांच्या दोन वेगळ्या याद्या करण्याची पद्धत आहे. इकडे हलके, लहान, गुळगुळीत. तिकडे पेट्रोल पिणारे, ऑइल खाणारे, लवकर झिजणारे. मला ही मांडणी अपुरी वाटते. या दोन्ही याद्या एकाच भूमितीतून निघतात, आणि ती भूमिती समजली की कोणत्या गाडीत हे इंजिन शोभेल आणि कोणत्या गाडीत नाही, हे बरेचसे आपोआप उलगडते.

आधी पिस्टनकडे पाहू. पिस्टन सिलिंडरमध्ये वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. सहा हजार आरपीएमला एकेक पिस्टन मिनिटाला बारा हजार वेळा थांबून उलटा वळतो. दर वेळी त्याचे वजन थोपवायचे आणि विरुद्ध दिशेला ढकलायचे, यात जो झटका बसतो तोच आपल्याला थरथर म्हणून जाणवतो. शिवाय हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह, ते उघडायला कॅमशाफ्ट, ते मिटायला स्प्रिंगा, आणि हे सगळे फिरवायला चेन किंवा पट्टा. जे गोल फिरवायचे आहे ते आधी खाली-वर हलवायचे आणि मग क्रँकशाफ्टने त्याचे गोल फिरणे करायचे, हा वळसा टाळता येईल का, असा प्रश्न अनेकांना पडला होता. त्याचे चालणारे उत्तर सापडले फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाला.

वांकेलचा जन्म 1902 मध्ये लार या गावी झाला. कॉलेजचे शिक्षण नाही. जे शिकला ते स्वतःच्या हाताने. दृष्टी इतकी अधू, की त्याने गाडी चालवण्याचा परवाना कधी घेतला नाही. 1929 मध्ये त्याने पहिले पेटंट मिळवले. पुढची कित्येक वर्षे त्याने एकाच गोष्टीवर घालवली: फिरणाऱ्या दोन भागांमधली फट वायू निसटणार नाही इतकी घट्ट कशी बंद करायची. 1951 पासून तो एनएसयू या मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीबरोबर काम करू लागला, आणि 1 फेब्रुवारी 1957 रोजी नेकार्सउल्ममध्ये त्याचे इंजिन पहिल्यांदा चालले. त्यात आतला रोटर आणि बाहेरचे कवच दोन्ही फिरत. कल्पना देखणी होती, पण स्पार्क प्लग बदलायचा तरी इंजिन उघडावे लागे. एनएसयूचा इंजिनिअर हान्स डीटर पाश्के याने बाहेरचे कवच स्थिर केले आणि रोटरला एका विकेंद्री शाफ्टवर फिरवले. वांकेलला हा बदल रुचला नाही. रस्त्यावर आलेली सगळी रोटरी इंजिने मात्र पाश्केच्याच मांडणीची आहेत.

त्या मांडणीत बाहेर एक हाउसिंग असते. आतून लंबगोल, पण कमरेत किंचित आवळलेले. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर. रोटर आपल्याभोवती फिरतो आणि त्याच वेळी त्याचे केंद्रही छोट्या वर्तुळात फिरते, त्यामुळे त्याची तिन्ही टोके हाउसिंगच्या भिंतीला सतत लागून राहतात. त्रिकोणाची प्रत्येक बाजू आणि भिंत यांच्यात एक पोकळी तयार होते; ती फिरता फिरता मोठी होते, लहान होते, पुन्हा मोठी, पुन्हा लहान. पहिल्यांदा मोठी होताना हवा-पेट्रोल आत येते, लहान होताना दाबले जाते, मग ठिणगी पडते आणि वायू पोकळीला मोठे करत रोटरला ढकलतो, शेवटी लहान होताना धूर बाहेर जातो. चार स्ट्रोक तेच, फक्त चारही कामे हाउसिंगच्या चार वेगवेगळ्या जागी होतात. हवेचे दार आणि धुराचे दार म्हणजे भिंतीतली भोके. रोटर स्वतःच ती झाकतो आणि उघडतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, स्प्रिंगा नाहीत. दोन रोटरच्या इंजिनात मुख्य हलणारे भाग फक्त तीन: दोन रोटर आणि एक शाफ्ट.

आणखी एक गोष्ट या भूमितीतून मिळते. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात. मीटरवर नऊ हजार आरपीएम दिसतात तेव्हा आतला रोटर फक्त तीन हजारांनी फिरत असतो, आणि तोही कुठे न थांबता. ज्वलनाचा जोर शाफ्टला 270 अंशांपर्यंत मिळत राहतो. पिस्टन इंजिनात तो 180 अंशांतच संपतो. गुळगुळीतपणाचे सारे रहस्य एवढ्यात आले. पिस्टन इंजिनात एक सिलिंडर शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, रोटर मात्र दर फेऱ्याला पेटतो. म्हणून दोन रोटर चार सिलिंडरांचे काम करतात.

इथेच सीसीचा जुना वाद आहे. आरएक्स-7च्या 13बी इंजिनाची क्षमता 1308 सीसी लिहिली जाते. प्रत्येक रोटरची 654. पण चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनाच्या हिशेबाने, म्हणजे शाफ्टच्या दोन फेऱ्यांत किती हवा गिळली असे मोजले, तर तेच इंजिन 2.6 लिटरचे ठरते. तेव्हा '1.3 लिटरमधून अडीचशे हॉर्सपॉवर' हे वाक्य ऐकायला छान असले तरी त्याने हुरळून जाऊ नये. 1999 मध्ये आलेल्या होंडा एस2000 ने दोन लिटरच्या साध्या चार पिस्टनांतून, टर्बोशिवाय, 250 हॉर्सपॉवर काढून दाखवले होते. रोटरीचे खरे बळ सीसीमागे किती शक्ती यात नाही. इंजिन किती जागा व्यापते आणि त्यामुळे गाडीत कुठे बसवता येते, यात ते आहे.

स्पोर्ट्‌स कारवाल्यांना याचे इतके अप्रूप का, ते पाहू. कावड खांद्यावर घेऊन सरळ चालणे एक वेळ जमते, पण जागच्या जागी झटकन वळणे अवघड, कारण वजन दोन टोकांना लटकलेले असते. तेच वजन अंगाशी धरले तर माणूस सहज वळतो. गाडीचेही तसेच आहे. जड इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे टांगले की वळणावर नाक बाहेर ओढले जाते. दोन रोटरचे इंजिन इतके आखूड आणि बुटके असते, की ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे, जवळजवळ ड्रायव्हरच्या पायांपाशी आणि जमिनीलगत बसवता येते. 1978 मध्ये आलेल्या पहिल्या आरएक्स-7ला याचाच फायदा मिळाला. वजन हजार किलोच्या जरा वर, पुढे-मागे जवळपास समान वाटलेले, आणि बॉनेट इतके उतरते की डोळे मिटणारे दिवे लावल्याशिवाय ती रेषा साधलीच नसती. अमेरिकेत विकलेल्या गाडीत हॉर्सपॉवर होते फक्त शंभर. तरीही ती वळणावळणाच्या रस्त्यावर चालवायला अप्रतिम म्हणून गाजली. अंगात ताकद बेताची असूनही गाडी चपळ असू शकते, हे तिने मोठ्या प्रमाणावर, बऱ्यापैकी कमी किमतीत दाखवले. 2002 मध्ये तिसरी पिढी बंद होईपर्यंत आठ लाखांहून अधिक आरएक्स-7 बनल्या.

पण माझदाची गोष्ट पुढे नेण्याआधी एक सांगायला हवे: या इंजिनाने एका कंपनीचा बळी घेतला, आणि तो कसा घेतला हे कळले तर दोषांची बाजू नीट समजते.

रोटरी बसवलेली पहिली विकाऊ गाडी एनएसयूची स्पायडर, 1964 ची. तीही स्पोर्ट्‌स कारच होती. एक रोटर, सुमारे पन्नास हॉर्सपॉवर, दोन माणसांची उघडी गाडी. खरा जुगार खेळला गेला 1967 च्या आरओ 80 वर. ही चार दरवाज्यांची मोठी गाडी इतकी पुढारलेली होती, की आजच्या पार्किंगमध्ये उभी केली तरी ती साठ वर्षे जुनी आहे हे चटकन कळू नये. 1968 ची 'युरोपियन कार ऑफ द इयर' ती ठरली. आणि मग इंजिने परत येऊ लागली. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, ज्यांना अपेक्स सील म्हणतात, त्या वेळेआधीच झिजत होत्या. एनएसयूने वॉरंटीत इंजिनामागून इंजिन बदलून दिले. आरओ 80 चे मालक रस्त्यात समोरासमोर आले की आपले कितवे इंजिन चालू आहे ते बोटे उंचावून दाखवत, असा किस्सा आजही सांगितला जातो. हा खर्च लहान कंपनीला पेलवला नाही. 1969 मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली.

अपेक्स सीलचा प्रश्न इतका अवघड का? पिस्टनची रिंग गोल असते आणि गोल भिंतीला पूर्ण टेकून सरळ वर-खाली घासते. रोटरच्या टोकावरची पट्टी मात्र भिंतीला एका रेषेपुरतीच टेकते, तिचा भिंतीशी कोन प्रत्येक क्षणी बदलतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे दाब असतात. भिंतही सगळीकडे सारख्या तापमानाची नाही. पिस्टन इंजिनात एकाच जागी आळीपाळीने थंड हवा आणि ज्वाळा येतात, त्यामुळे तापमान सरासरीवर राहते. रोटरीत थंड हवा कायम एका कुशीला आणि जाळ कायम दुसऱ्या कुशीला. हाउसिंग एका बाजूने तापून किंचित वाकडे होते, आणि त्या वाकड्या भिंतीवर पट्टीला सेकंदाला अनेक वेळा घासत जायचे असते. पट्टी थरथरली की भिंतीच्या क्रोम मुलाम्यावर आडवे ओरखडे उठतात. हिरोशिमातल्या माझदाच्या इंजिनिअरांनी त्या ओरखड्यांना 'सैतानाच्या नखांच्या खुणा' म्हटले होते.

आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या मिनीबस आणि टेम्पोमुळे परिचित झाले. जपानमध्येही ही कंपनी, तेव्हाची तोयो कोग्यो, तीनचाकी मालवाहू गाड्यांवरच मोठी झाली होती. साठच्या दशकात जपान सरकारला छोट्या वाहन कंपन्या मोठ्यांत मिसळून टाकायच्या होत्या. अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना कंपनीचे वेगळेपण टिकवायचे होते, आणि त्यासाठी जे दुसऱ्या कोणाकडे नाही असे काहीतरी हवे होते. त्यांनी एनएसयूकडून परवाना घेतला. 1963 मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली 47 इंजिनिअरांचा विभाग उभा राहिला. त्यांनी सीलसाठी धातू तपासले, कार्बन तपासला, गाय आणि घोड्याची हाडेसुद्धा तपासली. मग लक्षात आले की प्रश्न कडकपणाचा कमी आणि कंपनाचा जास्त आहे. पट्टीच्या आत आडवी-उभी भोके पाडून तिची नैसर्गिक कंपनसंख्या बदलली, तेव्हा ओरखडे थांबले. विकायच्या गाडीसाठी त्यांनी अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचे सील वापरले.

मे 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली: दोन रोटर, 982 सीसी, 110 हॉर्सपॉवर, वजन 940 किलो. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगवर 84 तासांची अखंड शर्यत झाली, तिथे माझदाने दोन कॉस्मो उतरवल्या. एकीचा अ‍ॅक्सल शेवटच्या तासांत तुटला. दुसरी चौथी आली. साडेतीन दिवस न थांबता रोटरी चालू शकते, हे युरोपने आपल्या डोळ्यांनी पाहिले. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. इंजिनाच्या खोलीतून थेट अध्यक्षपदापर्यंत जाणारा माणूस ज्या कंपनीत असतो, ती इतरांनी सोडून दिलेले इंजिन चाळीस-पन्नास वर्षे का धरून ठेवते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

सील टिकू लागले, पण पेट्रोल मात्र जळतच राहिले. तो दोष झिजेचा नव्हे, आकाराचाच आहे. चांगले जळण्यासाठी जागा आटोपशीर हवी, म्हणजे ठिणगीपासून सर्व कोपरे सारख्याच अंतरावर राहतात. रोटरीची पेटण्याची जागा लांब, चपटी आणि शिवाय सरकणारी. घनफळाच्या मानाने भिंत जास्त, म्हणून उष्णता रोटरला ढकलण्याऐवजी भिंतीतून पाण्यात निघून जाते. एका ठिणगीने ज्वाळा सगळीकडे पोहोचत नाही, म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग द्यावे लागतात. तरीही मागच्या अरुंद टोकात ज्वाळा विझते आणि न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर जाते. सीलला वंगण मिळावे म्हणून एक छोटा पंप थेंब थेंब ऑइल आत सोडतो, तेही जळते. रोटरी ऑइल 'खाते' ही तक्रार म्हणून खरी आहे, पण तो बिघाड नाही. तिची रचनाच तशी आहे.

ऑक्टोबर 1973 च्या तेलसंकटाने याची किंमत वसूल केली. सित्रोएनने नेमकी त्याच सुमारास जीएस बिरोटॉर आणली. हजारसुद्धा खपल्या नाहीत, आणि कंपनीने विकलेल्या गाड्या परत घेऊन मोडीत काढल्या. जनरल मोटर्सने 1970 मध्ये पाच कोटी डॉलरच्या करारावर परवाना घेतला होता. त्यांची गाडी शोरूमपर्यंत पोहोचलीच नाही. मर्सिडीजच्या नारिंगी सी111 मध्ये आधी तीन, मग चार रोटर बसले, पण ती प्रयोगापुरतीच राहिली. अमेरिकेत माझदाची विक्री कोसळली. यामामोतोंच्या माणसांनी इंधनाचा खप चाळीस टक्क्यांनी सुधारण्याचे लक्ष्य धरून काम केले, आणि त्यातूनच आरएक्स-7 उभी राहिली. माझ्या मते माझदाचा सर्वांत शहाणा निर्णय हा होता: रोटरी घरगुती सेडानमध्ये आणि पिकअपमध्ये कोंबणे सोडून ती मुख्यतः स्पोर्ट्‌स कारला दिली. ऑफिसला जायच्या गाडीला अ‍ॅव्हरेज लागते. रविवारी पहाटे घाटात न्यायच्या गाडीचा मालक अ‍ॅव्हरेज विचारतो, पण त्यावर अडून बसत नाही.

तिसरी आरएक्स-7, चाहत्यांच्या भाषेत 'एफडी', 1991 ची. रोटरीचे सगळे गुण आणि सगळे दोष टोकाला नेलेली ही गाडी आहे. धुराचे भोक व्हॉल्व्हसारखे हळूहळू न उघडता एकदम उघडते, त्यामुळे बाहेर पडणारा वायू फार गरम आणि जोरकस असतो. टर्बो फिरवायला याहून चांगले काय? माझदाने दोन टर्बो एकामागून एक चालू होतील असे जोडले. सुरुवातीला 255, नंतर 280 हॉर्सपॉवर. गाडी तेराशे किलोच्या आत. आजही तिच्या बांध्याकडे पाहिले की कुठे काही जास्तीचे नाही असे वाटते. पण तीच उष्णता बॉनेटखाली रबराच्या नळ्या कडक करते, व्हॅक्यूमच्या नळ्यांचे जाळे पिचते, एखादी नळी निसटली की दाबाचा हिशेब चुकतो. पिस्टन इंजिनात एखाद्या वेळी पेट्रोल अवेळी पेटले, खाडखाड आवाज आला, तर ते बहुधा सोसून जाते. टर्बो लावलेल्या रोटरीत एकच जोरदार झटका अपेक्स सील फोडायला पुरतो, आणि फुटलेला तुकडा बाहेर जाताना हाउसिंगला आणि टर्बोलाही जखम करतो.

त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत माझदा 787बी जिंकली. चार रोटर, 2616 सीसी, शर्यतीसाठी सातशे हॉर्सपॉवर, प्रत्येक रोटरला तीन प्लग, सिरॅमिकचे अपेक्स सील, आणि फेऱ्यांनुसार लांबी बदलणाऱ्या हवेच्या नळ्या. जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्राँ गाशो यांनी 362 फेऱ्या पूर्ण केल्या. मर्सिडीज पुढे होती, पण शेवटच्या काही तासांत तिचे इंजिन तापले आणि ती बाद झाली. शेवटचा टप्पा चालवलेला हर्बर्ट उतरताच शरीरातले पाणी कमी होऊन कोसळला, विजयाच्या मंचावर उभाही राहू शकला नाही. जपानी कंपनीचा तो तिथला पहिला विजय. दुसरा यायला 2018 उजाडले.

या विजयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगाची नाही. त्या शर्यतीत प्रत्येक गाडीला 24 तासांसाठी ठरावीकच इंधन मिळे: 2550 लिटर. पेट्रोल पिणारी म्हणून बदनाम झालेली रोटरी त्या मर्यादेत राहून जिंकली. नियमांनी माझदाला 830 किलो वजनाची मुभा दिली होती, प्रतिस्पर्ध्यांना हजार किलोच्या घरात राहावे लागले, हे खरेच. पण दुसरेही तितकेच खरे, की इंजिन सतत ताणात, ठरावीक फेऱ्यांत चालते तेव्हा रोटरीची उधळपट्टी बरीच कमी होते. सिग्नलवर उभे राहणे, पहिल्या गिअरमध्ये रेंगाळणे, थंड इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करणे, इथे ती सर्वांत वाईट वागते.

2003 ची आरएक्स-8 नेमकी याच कामांना जुंपली गेली. ती चार माणसांची, मागचे छोटे दरवाजे उलटे उघडणारी, रोज वापरायची स्पोर्ट्‌स कार होती. रेनेसिस नावाच्या तिच्या इंजिनात धुराची भोके परिघावरून काढून बाजूच्या भिंतीत नेली, त्यामुळे हवेचे आणि धुराचे दार एकाच वेळी उघडे राहणे थांबले आणि न जळलेले पेट्रोल कमी झाले. टर्बो नाही, लाल पट्टा नऊ हजारांवर, जपानी गाडीत 250 हॉर्सपॉवर. त्या वर्षीच्या जगातल्या सर्वोत्तम इंजिनाचा किताब तिला मिळाला. पण पिकअप हवा तिथे नव्हता: टॉर्क सुमारे 211 न्यूटन-मीटर, तोही साडेपाच हजारांवर. आजची साधी टर्बो हॅचबॅक दोन हजारांच्या आत एवढा जोर देते. आरएक्स-8 चालवायची तर गिअर खाली ठेवून फेरे वर खेळवावे लागत. ज्यांना हे आवडले त्यांना दुसरे काही रुचेना, ज्यांना नाही त्यांना गाडी मरगळलेली वाटली. थंड इंजिन चालू करून गाडी गॅरेजमधून अंगणात आणून बंद केली की प्लग ओले होत आणि पुढच्या वेळी ती चालूच होत नसे. अमेरिकेत माझदाला रोटर आणि हाउसिंगची वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवून द्यावी लागली. युरोपात धुराचे नवे नियम आले आणि 2010 मध्ये तिथली विक्री थांबली. 2012 मध्ये उत्पादनच बंद झाले.

भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण दुबई, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका इथे राहणाऱ्या मराठी माणसांना ती जुन्या बाजारात मोहात पाडण्याइतकी स्वस्त मिळते. घ्यायचीच असेल तर काही गोष्टी मनाशी पक्क्या धराव्यात. नेहमीच्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नये. रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजणारे खास यंत्र असते, त्याचेच आकडे मागावेत. इंजिन गरम असताना चालू करून पाहावे, कारण झिजलेली रोटरी थंडीत सुरू होते आणि तापल्यावर अडते. दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला ऑइलची पट्टी तपासण्याची सवय हवी. इंजिन पूर्ण तापल्याशिवाय ताणू नये, आणि तापल्यावर अधूनमधून लाल पट्ट्यापर्यंत न्यावे, म्हणजे साठलेला कार्बन निघतो. कधीतरी इंजिन उघडून सील बदलावे लागणार, हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. दिलासा एवढाच, की भाग थोडे आहेत आणि जाणकार मेकॅनिक ते बांधतोही लवकर; पण असा मेकॅनिक आपल्या शहरात आहे का, हे गाडीआधी शोधावे.

वांकेल इंजिनाचा महाराष्ट्राशी एक खरा धागा आहे, आणि तो स्पोर्ट्‌स कारमधून जात नाही. अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई ही डीआरडीओची वाहन संशोधन संस्था. तिने बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर 55 हॉर्सपॉवरचे वांकेल इंजिन तयार केले. 2009 मध्ये कोलारच्या धावपट्टीवरून ते बसवलेले 'निशांत' हे मानवरहित विमान उडाले. हाउसिंगच्या आतल्या भिंतीला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा एनएएलने दिला होता. हिरोशिमात सैतानाच्या नखांशी झालेली झुंज इथेही त्याच भिंतीवर लढावी लागली. छोट्या विमानाला रोटरी का? इंजिन हलके हवे, कॅमेरा थरथरायला नको, आणि ते तासन्‌तास एकाच ताणात चालणार. तिचे गुण कामी येतात आणि दोष फारसे आड येत नाहीत.

माझदाही आता याच विचाराने चालली आहे. 2023 मध्ये आलेल्या एमएक्स-30 आर-ईव्ही या गाडीत 830 सीसीचा एकच रोटर आहे आणि तो चाकांना जोडलेलाच नाही. तो जनित्र फिरवतो, वीज बॅटरीत जाते, चाके मोटार फिरवते. पेट्रोल थेट पोकळीत फवारले जाते, अपेक्स सील दोनऐवजी अडीच मिलिमीटर रुंद केले आहेत. हे शहाणपणाचे आहे, पण त्यात मोटारीच्या शेजारी मावेल एवढे लहान इंजिन हवे होते म्हणून रोटरी निवडली गेली. पायाखाली चढत जाणारे फेरे हे तिचे मूळ सुख, आणि ते ड्रायव्हरच्या हातून गेले. त्याच वर्षी टोकियोत दाखवलेल्या आयकॉनिक एसपी या स्पोर्ट्‌स कारमध्येही दोन रोटर वीजच बनवतात. 370 हॉर्सपॉवर, 1450 किलो, आणि रोटरीशिवाय शक्य झाले नसते असे खाली उतरलेले बॉनेट. ती गाडी रस्त्यावर आली तर तिचे वळणे एफडीसारखे असू शकेल. गिअर बदलताना आठ हजारांवरून कोसळून पुन्हा चढणारा तो सूर मात्र तिच्यात नसेल, आणि मला त्याचे वाईट वाटते. फेब्रुवारी 2024 मध्ये माझदाने रोटरी विकसित करणारा गट पुन्हा स्थापन केला. अपेक्स सील आता पुरेसे टिकतात. या गटापुढचे काम मोठ्या बाजारपेठांमधल्या धुराच्या नियमांत हे इंजिन बसवण्याचे आहे, म्हणजे त्या लांब, चपट्या, सरकत्या पोकळीतले शेवटचे थेंब जाळण्याचे.